सगुणाआत्याच्या गोष्टीत मुलगा उठत नाही

माझ्या कपाटात प्रत्येक वस्तूला जागा आहे हे तुम्ही दोघांनी पाहिलं आहे, आणि त्यावरून मला हसलाही आहात. चादरी एका खणात, औषधं एका खणात, तुमच्या आईची शाळेतली प्रगतिपुस्तकं वरच्या खणात. रागांचंही माझं तसंच आहे. बरेचसे राग मी वेळच्या वेळी काढून टाकले. सासूबाईंवरचा टाकला, कॉलेजातल्या एका प्राध्यापकांवरचा टाकला, तुमच्या आजोबांवरचे तर रोज संध्याकाळी टाकावे लागत. एक मात्र मुद्दाम ठेवला आहे. त्याला अजून कसर लागलेली नाही. मी गेल्यावर तो कोणाला सापडणार नाही, सापडला तरी कळणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आम्ही अकोल्याला मिशनच्या कंपाउंडात राहत होतो. बाबा तिथल्या शाळेचे हेडमास्तर होते आणि चर्चच्या मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरीही. सकाळी आधी जिनिंगचा भोंगा व्हायचा, मग कापसाच्या गाड्यांची घरघर सुरू व्हायची, आणि त्या सगळ्यावर चढून आत्याचा आवाज यायचा. ती रोज पहाटे उठून कोणाला तरी रागवायची. कोंबड्या, पाणीवाला, माझी आई, कोणीही चालायचं. हिवाळ्यात आईच्या चुलीवर ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी असायची, ज्वारीच्या भाकरी, भरलेली वांगी, आणि रविवारी उपासना आटोपून आलो की गोळाभात. बेसनाचे गोळे भातात मोडायचे आणि वरून मोहरी-हिंगाचं कडकडीत तेल ओतायचं. आत्या आपल्या खोलीतून ताट घेऊन यायची, पहिला घास खाऊन मीठ कमी आहे म्हणायची आणि दोनदा वाढून घ्यायची. आई एकदाही उलटून बोलली नाही. आई त्या बाबतीत संत होती, आणि संतांबरोबर राहणं किती कठीण असतं ते मला तेव्हाच कळलं होतं.

सगुणाआत्या बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. मिशनने तिला बायबलबाई म्हणून नेमलं होतं. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. पुरुष प्रचारकांना ज्या घरांत ओसरीच्या पुढे जाता येत नसे, त्या घरांत आत चुलीपर्यंत जाऊन बायकांना शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या, हे बायबलबाईचं काम. त्याबद्दल थोडा पगार आणि कंपाउंडाच्या टोकाला एक कौलारू खोली. आत्या पांढरं, कडक इस्त्रीचं लुगडं नेसायची आणि स्वतःला मिशनमधली सर्वात महत्त्वाची व्यक्ती समजायची. तिच्या खोलीच्या दाराशी गवती चहाचं मोठं बेट होतं. ज्याला त्यातली पात हवी त्याने आधी तिचं कौतुक करायचं असा तिथला नियम होता.

आत्या गोष्टी कशा सांगायची हे मी नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, रिद्धपूरकडच्या महानुभाव घरातली. लग्नानंतर ती ख्रिस्ती झाली, पण माहेरच्या गोष्टी तिच्या तोंडातून गेल्या नाहीत. त्या गोष्टींत स्वामी पायी फिरतात, कोणाच्या तरी घरी जेवतात, एखादं वाक्य बोलतात आणि पुढे निघतात. आत्याने येशूच्या गोष्टी त्याच चालीत बसवल्या होत्या. आणि तिची एक सवय होती. नव्या घरात गेली की ती आधी पाणी मागायची, मग भिंतीला टेकून नुसती बसायची. अंगणात काय पडलंय, कोणाचं तोंड उतरलंय, पाळणा हलतोय की गुंडाळून ठेवलाय, हे सगळं पाहायची. मग गोष्ट सुरू करायची, आणि ती त्या घराचीच असायची. धनगराच्या घरी बेथलेहेमच्या मेंढपाळांना नावं असायची. बाळंतिणीच्या घरी मरियेजवळ एक सुईण असायची, फार खाष्ट. बौद्ध वस्तीत ती विहिरीवरच्या, खालच्या मानलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगायची. त्यात पाण्याचा वाद असा रंगवायची की ऐकणाऱ्या बायका येशूला मधेच अडवून स्वतःची भांडणं सांगायच्या. पुस्तकात तेवढं नाही हे मला रविवारच्या शाळेतच कळलं होतं. मी तिला एकदा विचारलंही. तेव्हा ती म्हणाली होती की पुस्तक तिला पाठ आहे, पण बाईला पुस्तक नको असतं, बाईला गोष्ट हवी असते.

मी अमरावतीला कॉलेजात गेले आणि इंग्रजी साहित्य घेतलं. त्याच वर्षी अकोल्याच्या मंडळीला नवे पाळक आले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांचीही नातवंडं तुमच्यासारखी कुठेतरी असतील आणि त्यांचा काही दोष नाही. नगरकडचे, तरुण, सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, खूप शिकलेले, शुद्ध बोलणारे. कंपाउंडात इंग्रजी पुस्तकांवर बोलायला त्यांना कोणी नव्हतं, आणि मी नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा ते आमच्या व्हरांड्यात येऊन बसू लागले. आई चहा करायची. मी मनापासून सांगते, इतकं चांगलं शिकवणारा माणूस मला नंतर कॉलेजातही भेटला नाही.

त्यांनी मला सांगितलं की बायबलातली येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं म्हणजे चार माणसांनी घटना घडताना बसून लिहिलेले अहवाल नव्हेत. येशूनंतर कित्येक वर्षं त्या गोष्टी तोंडातोंडी फिरत होत्या. मग कोणीतरी ग्रीक भाषेत त्या एकत्र बांधल्या. मार्काचं पुस्तक बहुधा सर्वात आधीचं; मत्तय आणि लूक या दोघांनी ते समोर ठेवून आपापलं रचलं. आणि रचताना त्यांच्या कानात सतत जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचे यहुदी ग्रंथ, होता. मत्तयाने येशूला दुसरा मोशे म्हणून उभा केला. म्हणून त्याच्याकडे दुष्ट राजा तान्ही मुलं मारतो, जसं फारोने मारली. कुटुंब मिसरात जातं आणि परत येतं. येशू डोंगरावर चढून नियम सांगतो. लूकाने मरियेच्या तोंडी घातलेलं गाणं शमुवेलाच्या आईच्या, हन्नाच्या, गाण्यावर बेतलेलं. वधस्तंभाजवळ कपडे वाटून घेण्याचा प्रसंग एका जुन्या स्तोत्राच्या ओळींतून उभा राहिलेला. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात जुन्या करारातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या वाक्याची आठवण ठेवूनच लिहिलेली. शिवाय त्या काळात ग्रीक-रोमन लोक थोर माणसांची चरित्रं लिहीत, त्या साच्याचीही छाया आहेच. मी घाबरून विचारलं की मग हे खोटं का. ते हसले. म्हणाले, यात फसवणूक कुठे आहे? जुन्या ग्रंथाच्या भाषेत बोललं की ऐकणाऱ्याला लगेच कळायचं हा आलेला माणूस कोण आहे. ती त्यांची विश्वास सांगायची रीत होती.

त्यांनी उदाहरण दिलं ते नाईन गावाच्या विधवेचं. हे नाव लक्षात ठेवा. लूक सांगतो की येशू नाईन गावाच्या वेशीशी पोचला तेव्हा एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची तिरडी बाहेर येत होती. त्याला कळवळा आला, त्याने तिरडीला हात लावला, मुलाला ऊठ म्हणाला, आणि मुलगा उठून बसला. पाळकसाहेबांनी मला जुन्या करारातली एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढून दाखवली. तिथेही गावाची वेस, तिथेही विधवा, तिथेही मेलेला मुलगा. आणि मुलगा आईच्या हाती देणं, हे शब्दसुद्धा लूकात आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तेच. लूकाने एलीयाची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून ही लिहिली, असं ते म्हणाले. मग आत्याच्या खोलीकडे बोट करून हसत म्हणाले, "हे तुमच्या आत्याबाईंना शिकवायची गरज नाही. लूकाजवळ एलीया होता, त्यांच्याजवळ रिद्धपूर आहे."

हे वाक्य त्यांनी आमच्या व्हरांड्यात, आमच्या कपातला चहा पीत, माझ्या तोंडावर म्हटलं. मी त्या दिवशी इतकी खूश झाले की आत्याच्या पाया पडायला गेले. तिने विचारलं, परीक्षेत नापास झाली काय.

आत्या दर गुरुवारी पॅसेंजरने मूर्तिजापूरला जायची. तिथे गावाबाहेर मैनाबाई नावाच्या एका माळणीचा मळा होता, शेवंती आणि झेंडूचा. मैनाबाई विधवा होती. तिला एकच मुलगा, छोट्या रेल्वेच्या रुळांवर कामाला. त्या हिवाळ्यात तो काविळीने गेला. आत्या तिच्याकडे कितीतरी वर्षं जात होती. मैनाबाई ख्रिस्ती झाली नव्हती, होणारही नव्हती. ती आत्यासाठी गुळाचा चहा करायची, गोष्ट ऐकायची आणि जाताना फुलं द्यायची. मुलगा गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी आत्या तिच्या ओसरीवर बसली, आणि मैनाबाईने कधी नव्हे ते स्वतःहून गोष्ट मागितली. माझ्यासारखी कोणी होती काय तुमच्या पुस्तकात, म्हणाली.

आत्याने नाईनच्या विधवेची गोष्ट सांगितली. वेशीपर्यंत सगळी लूकाप्रमाणे. पण आत्याच्या गोष्टीत मुलगा उठला नाही. येशूने तिरडी पाहिली, बाईला पाहिलं, पाठीवरचं गाठोडं खाली ठेवलं आणि पुढे होऊन तिरडीला खांदा दिला. तिला दुसरा मुलगा नव्हता ना. मग तो तिच्याबरोबर घरी आला, भिंतीला टेकून बसला. शिष्य म्हणाले, पुढच्या गावी लोक वाट पाहतात. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. आणि तिने दोन घास खाईपर्यंत तो तिथून हलला नाही.

त्या ओसरीवर शेजारची एक ख्रिस्ती बाई बसली होती, रेल्वेतल्या कारकुनाची बायको. तिला ती गोष्ट इतकी आवडली की अकोल्याला उपासनेला आली तेव्हा तिने चर्चच्या पायरीवर उभं राहून पाळकसाहेबांजवळ आत्याची तोंड भरून स्तुती केली. प्रभू कसे खांदा देतात, कसे बसून राहतात, आम्हाला हा उतारा असा कधी कोणी समजावलाच नव्हता, म्हणाली. बिचारी. तिच्याभोवती कमिटीचे चार सभासद उभे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

कमिटी आमच्याच पुढच्या खोलीत बसायची, कारण बाबा सेक्रेटरी. बायकांनी चहा द्यायचा आणि आत जायचं. आत्याला दाराशी उभं केलं होतं. बसायला कोणी सांगितलं नाही, तिच्या सख्ख्या भावानेही नाही. पाळकसाहेब म्हणाले की तक्रार गंभीर आहे. वचनात चमत्कार आहे आणि बायबलबाई तो काढून टाकते, म्हणजे प्रभूचं सामर्थ्यच नाकारते. आत्याला विचारलं, असं तुम्ही का केलं?  ती पाळकसाहेबांकडे न पाहता बाबांकडे पाहून म्हणाली:

"त्या बाईचं लेकरू मेलं, बापू. तिले मी सांगू का, की दुसरीचं उठलं? तिचं उठलं तं माहं काहून नाई, असं तिनं इचारलं असतं, मंग मी काय सांगतलं असतं?"

(पुढे आत्या 'मी सांगतो' म्हणेल; आमच्याकडे बायकाही 'मी सांगतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुण्याच्या माणसांना त्याची गंमत वाटते. वाटू दे.)

 एक सभासद म्हणाले की भावना ठीक आहे, पण उद्या कोणीही काहीही जोडेल. तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मला वाटलं, आता पाळकसाहेब बोलतील. त्यांच्याइतकं हे कोणाला ठाऊक आहे?  ते कपातल्या सायीकडे पाहत होते. मग मी बोलले. लूकाने एलीयाची गोष्ट घेतली, मत्तयाने मोशेची घेतली, ऐकणारी माणसं समोर ठेवून प्रत्येकाने रचलं, आणि आत्यानेही तेच केलं, असं मी एका दमात म्हणून टाकलं.  मी पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, तुम्हीच सांगितलंत ना मला? याच व्हरांड्यात?"

ते म्हणाले, "मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही." आणि मग कमिटीकडे वळून, अगदी शांतपणे, की ही अविश्वासू लोकांची विद्या आहे, कॉलेजांतून हल्ली हेच शिकवतात, आणि मुलींना शिकायला दूर पाठवण्याआधी पालकांनी विचार करावा.

बाबा म्हणाले, "तू आत जा."

मी आत गेले. चुलीशी आई बसली होती आणि तिच्याजवळ आत्या येऊन बसली. मला वाटलं, आत्या मला जवळ घेईल. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तसं तिने कोंबड्यांकडेही पाहिलं नव्हतं. म्हणाली, "माह्यासाठी तू लूकाले खोटं पाडलं? तुले कोणं सांगतलं होतं?" मी समजावू लागले की खोटं नाही, रीत आहे. ती म्हणाली, "माहं मी केलं. मी केलं म्हणून सांगतो. त्याचं नाव काहून घेतं?" आईने दोघींच्या पुढ्यात ताटं ठेवली आणि म्हणाली की शिकलीस ते चांगलंच, पण जेवताना नको. आत्याने पहिला घास घेतला आणि त्या दिवशी मीठ कमी आहे म्हणाली नाही. त्यावरून मला कळलं की ती घाबरली आहे.

कमिटीचा निर्णय असा झाला. येत्या गुरुवारी आत्याने मूर्तिजापूरला जायचं. पाळकसाहेब आणि सेक्रेटरी बरोबर असतील. मैनाबाईसमोर पुस्तक उघडून तो उतारा पूर्ण वाचायचा आणि आधी सांगितलेलं चुकीचं होतं असं म्हणायचं. म्हटलं तर काम राहील आणि खोलीही राहील. नाही म्हटलं तर दोन्ही नाही. आत्याला त्या खोलीशिवाय स्वतःचं म्हणून जगात काही नव्हतं. भावाच्या घरी येऊन राहायचं म्हणजे माझ्या आईच्या मिठाखाली राहायचं, हे तिला मरणासारखं होतं.

इथे थांबून एक सांगते. मी पुढे आयुष्यभर या विषयावर जे मिळेल ते वाचलं. तुमच्या मामाने परदेशातून पाठवलेली जाडजूड पुस्तकंसुद्धा वाचली. त्यांत नवीन पुष्कळ आहे, पण त्या व्हरांड्यात जे ऐकलं ते मोडून काढणारं काही नाही. ते सगळं बरोबर होतं. म्हणूनच राग. पाळकसाहेब अडाणी असते तर मी त्यांची कीव केली असती. आत्या चुकली असं त्यांना खरंच वाटत असतं तर मी त्यांच्याशी वाद घातला असता. पण ते जाणत होते, आणि जे जाणत होते ते त्यांनी दोन खणांत ठेवलं होतं. एक व्हरांड्यात, इंग्रजी येणाऱ्या मुलीला दाखवायला, आणि दुसरा मंडळीसाठी. ज्यांना पुस्तक पाठ आहे पण सेमिनरी ठाऊक नाही, त्यांनी अडाणीच राहावं असा त्यांचा हिशेब होता. आणि त्यांचीही खोली कंपाउंडातच होती, फक्त मोठी.

गुरुवारी मीही त्याच गाडीत बसले, कारण माझं कॉलेज सुरू होणार होतं आणि अमरावतीला जायला बडनेऱ्याला उतरावं लागे. मूर्तिजापूर वाटेतच. बाबा नको म्हणाले. मी माझी ट्रंक घेऊन उतरलेच. स्टेशनवरून आम्ही मळ्याकडे गेलो. शेवंती ऐन बहरात होती. नुसता पिवळा उजेड. मैनाबाई ओसरीवर टोपल्या भरत बसली होती. एवढी माणसं पाहून तिने डोक्यावर पदर घेतला, सतरंजी झटकली, आणि काही न विचारता चहा ठेवला. तिला वाटलं, तिच्या दुःखाला भेटायला आलेत. पाळकसाहेबांना म्हणाली, "साहेब, तुमी कष्ट घेतले माह्यासाठी."

आत्याने पुस्तक उघडलं. तिला वाचताना मी फारसं पाहिलं नव्हतं. ती बोट ठेवून वाचायची. वेस वाचली, तिरडी वाचली, कळवळा आला तिथपर्यंत आली. मग तिचं बोट थांबलं. तिने पुस्तक तसंच उघडं पाळकसाहेबांसमोर धरलं आणि म्हणाली, "समोरचं तुमी वाचा, साहेब. मले दिसून नाई राहिलं."

तुम्हाला वाटेल की पाळकसाहेबांच्याने पुढचं वाचवलं नसेल. मलाही वाटलं होतं की आता त्यांचा आवाज अडेल. त्यांनी पुस्तक घेतलं आणि वाचलं. स्वच्छ, शुद्ध, प्रत्येक शब्द सुटा. मुलगा उठून बसला, बोलू लागला, आईच्या हाती दिला. मैनाबाई हातात फूल धरून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने अगदी सहज विचारलं, जसं बाजारात भाव विचारावा तसं, "मंग माहा काहून नाई उठला?"

त्यावर पाळकसाहेब बोलले. देवाची इच्छा, शेवटचा दिवस, पुनरुत्थानाची आशा. वाईट काही बोलले नाहीत. पण ते उत्तर त्यांच्याकडे घरूनच तयार होतं. मैनाबाईने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं ऐकतात तसं. ते थांबल्यावर ती आत्याकडे वळली.

"बाई, तुमी मागं सांगतली होती ते सांगा ना. खांद्याची."

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा टोपलीतल्या फुलांकडे पाहत होते. माझे बाबा भित्रे नव्हते. शाळेत साप निघाला तेव्हा त्यांनी स्वतः काठी घेतली होती. पण त्या दिवशी ते फुलांकडे पाहत राहिले, आणि तेही मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलेलं नाही. आत्या भिंतीला टेकली. लुगड्याची निरी नीट केली. आणि तिने गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, पाळकसाहेबांसमोर, सेक्रेटरीसमोर. या वेळी त्यात आणखी थोडं होतं. स्मशानातून परतल्यावर त्या बाईने पाहिलं तर येशूच्या खांद्यावर बांबूचा वळ उमटलेला होता. तिने विचारलं, दुखते काय? तो म्हणाला, दुखते. मैनाबाई तेव्हा रडली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा, असं तिने नंतर सांगितलं.

पाळकसाहेब मधेच उठून अंगणात गेले होते. ते रडत असते तर आज हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. ते घड्याळ पाहत होते.

स्टेशनवर बाबा आणि पाळकसाहेब फलाटाच्या एका टोकाला उभे राहिले, अकोल्याच्या गाडीची वाट पाहत. आत्या आणि मी दुसऱ्या टोकाला माझ्या ट्रंकेवर बसलो. तिच्या मांडीवर मैनाबाईने दिलेली शेवंती होती. आता काय होणार हे दोघींनाही माहीत होतं. मी रडत होते, रागाने. आत्याने बटव्यातून पेरू काढला, मोडला, अर्धा मला दिला. ती बराच वेळ चघळत बसली आणि मग म्हणाली:

"काय वं, लूकानं खरंच त्या एलीयाची गोष्ट घेतली?"

मी म्हटलं, "हो आत्या. खरंच."

"मंग त्याले काढलं काय कोणं खोलीतून?"

माझी गाडी आधी आली. ईस्टरच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आत्या आमच्या मागच्या खोलीत होती आणि गवती चहाचं बेट कोणीतरी उपटून टाकलं होतं. ती शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली, आईच्या मिठाला नावं ठेवत. गुरुवारी मात्र ती मूर्तिजापूरला जायची. मिशनची म्हणून नाही, मैनाबाईची पाहुणी म्हणून. पाळकसाहेबांची पुढे मोठ्या शहरात बदली झाली. तिथे ते सेमिनरीत शिकवत असं ऐकलं. काय शिकवत असतील ते मला ठाऊक आहे, आणि ते चांगलंच शिकवत असतील.

मागच्या डिसेंबरात तुम्ही आला होतात तेव्हा चर्चमध्ये वाचन चालू असताना मी मधेच उठून बाहेर गेले. तुम्हाला वाटलं आजीला बरं नाही, आणि धाकटा मागे पाणी घेऊन आला. मला काही झालं नव्हतं. त्या दिवशी नाईनचा उतारा होता. तो लागला की मी मुलगा उठायच्या आधी बाहेर पडते. आमच्या आताच्या पाळकांना कारण माहीत नाही. ते सज्जन आहेत, मला खुर्ची द्यायला माणूस पाठवतात. मी बसत नाही. वाचन संपेपर्यंत व्हरांड्यात उभी राहते आणि मग आत जाऊन माझ्या जागेवर बसते.